बायपासचा चंदा आणि रक्तातली आग

कोरोनाने आमच्या गावाला काही इंग्रजी शब्द कायमचे शिकवले. ऑक्सिजन लेव्हल, एचआरसीटी स्कोअर, रेमडेसिवीर आणि सीआरपी. 2021 च्या एप्रिल-मे महिन्यात टेंभुर्णीतले लोक फोनवर सलाम झाला की पहिला प्रश्न हाच विचारत, “सीआरपी किती आला?” (टेंभुर्णी म्हणजे सोलापूरकडचे, हायवेवरचे नव्हे. आमचे जालना जिल्ह्यातले, जाफराबाद तालुक्यातले. हे दरवेळी सांगावे लागते.) साथ ओसरली, शब्द मात्र राहिला. आता साध्या तापालाही पेशंटच डॉक्टरला सुचवतो, सीआरपी करून घेऊ का?

गंमत अशी की, ज्या आजारात हा आकडा आणि त्याची भावंडे माणसाच्या पुढच्या आयुष्याबद्दल बरेच काही सांगू शकतात, तिथे आमच्याकडे त्याची कुणी चौकशी करत नाही. तो आजार हृदयाचा, आणि मी बोलतोय ते बायपास होऊन घरी आलेल्या माणसांबद्दल.

आमच्याकडे बायपास ही आता दूरची गोष्ट राहिलेली नाही. जुम्याच्या नमाजनंतर इमामसाहेब माइकवर सांगतात की, अमुक गल्लीतल्या भाईंना तीन ब्लॉकेज निघालेत, औरंगाबादला ऑपरेशन सांगितले आहे, सर्वांनी मदत करावी. दारात दोन पोरे रुमाल धरून उभी राहतात. दहाची नोट पडते, पन्नासची पडते, एखादा मोसंबीवाला पाचशेची टाकून मान खाली घालून निघून जातो. सरकारी योजनेत ऑपरेशन बसते. पण गाडीभाडे, नातेवाइकांचे राहणे-खाणे, बाहेरून आणायला सांगितलेली औषधे आणि घरातल्या दोन माणसांची बुडालेली मजुरी बसत नाही. त्यासाठी हा रुमाल. मला या रुमालाचा अभिमान आहे. माणूस कोणत्या गल्लीचा, कोणत्या बिरादरीचा हे तिथे विचारले जात नाही, आणि अनेकदा तो माणूस मुसलमानही नसतो.

माझी तक्रार वेगळी आहे. ऑपरेशन यशस्वी झाले की रुमाल झटकून घडी करून ठेवला जातो. माणूस घरी येतो, लोक भेटायला येतात, सफरचंदे येतात. “अब टेन्शन नहीं, नया हार्ट हो गया,” असे कुणीतरी म्हणतो. इथेच सगळे चुकते.

नवे हृदय वगैरे काही होत नसते. बायपास म्हणजे काय, तर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या जिथे तुंबल्या आहेत त्याच्या अलीकडून पलीकडे दुसरी नळी जोडून देणे. पाटाला गाळ बसला म्हणून शेजारून पाइप टाकून पाणी पुढे नेतात, तसे. गाळ तसाच राहतो. ही पद्धत 1967 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जनने रूढ केली. पायातली शीर काढून ती हृदयावर जोडायची. (हा माणूस त्याआधी बारा वर्षे आपल्या देशातल्या एका खेड्यात साधा डॉक्टर होता, हे मला त्याच्या ऑपरेशनइतकेच महत्त्वाचे वाटते.) भारतात 1975 मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी मद्रासला पहिले यशस्वी बायपास केले. आज आमच्या तालुक्यातले शेतमजूरसुद्धा ते करून घेतात. प्रगती झाली, यात शंका नाही.

पण जोडलेली शीरही शेवटी शरीरातच राहते. पायातून घेतलेल्या शिरांपैकी जवळपास निम्म्या दहा वर्षांत बंद पडतात किंवा खराब होतात, असे सर्जन लोक सांगत आले आहेत. छातीच्या आतल्या बाजूची धमनी वापरली तर ती खूप जास्त टिकते. डॉ. मनमोहन सिंग यांचे उदाहरण घ्या. त्यांचे पहिले बायपास 1990 मध्ये इंग्लंडमध्ये झाले. जानेवारी 2009 मध्ये पंतप्रधान असताना दिल्लीच्या एम्समध्ये दुसऱ्यांदा करावे लागले. ते करणाऱ्या टीमचे प्रमुख मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा होते. त्यानंतर मनमोहन सिंग आणखी पाच वर्षे पंतप्रधान राहिले आणि डिसेंबर 2024 मध्ये वयाच्या 92 व्या वर्षी गेले. पहिल्या बायपासनंतर चौतीस वर्षे. इतकी वर्षे निव्वळ सर्जनच्या हातगुणावर मिळत नाहीत. मधल्या काळातली रोजची गोळी, वेळच्या वेळी तपासणी, योग्य वेळी दुसरा उपचार, हे सगळे त्यात आले. पंतप्रधानाला ते मिळते, आमच्या हमालाला नाही.

तर मग तो गाळ बसतो कशामुळे? आपण सगळे जण ‘चरबी साठते’ म्हणतो. ते अर्धे खरे आहे. कोलेस्टेरॉल शिरेच्या भिंतीत शिरते, हे खरे. पण तिथे ते मुकाट पडून राहत नाही. शरीराला तो परका माल वाटतो, पांढऱ्या पेशी तिथे धावतात, ते गिळतात, फुगतात, मरतात, आणखी पेशींना बोलावतात. म्हणजे शिरेच्या भिंतीत एक मंद आग वर्षानुवर्षे धुमसत राहते. डॉक्टर हिला दाह म्हणतात. पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणे लिहून ठेवली होती. लाली, सूज, उष्णता आणि ठणका. पायाला काटा रुतून पिकला की ही चारही दिसतात. हृदयाच्या शिरेत यातले एकही डोळ्यांना दिसत नाही, आणि जेव्हा दुखते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

डोळ्यांना दिसत नाही, पण रक्तात तिचा धूर निघतो. सीआरपी हा त्यातलाच एक धूर. 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक पदार्थ सापडला. तो न्यूमोनियाच्या जंतूच्या सी नावाच्या घटकाला चिकटत होता, म्हणून नाव पडले सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन. हे प्रथिन यकृत तयार करते. शरीरात कुठेही आग लागली की इंटरल्यूकिन-6 नावाचा निरोप्या यकृताकडे जातो आणि यकृत सीआरपी रक्तात सोडू लागते. आग मोठी असेल तर आकडा शेकड्यात जातो. कोरोनात आपण तेच पाहिले. हृदयाच्या शिरेतली आग बारीक असते, तिथे आकडा एक, दोन, तीन, पाच असा फिरतो. म्हणून त्यासाठी ‘हाय सेन्सिटिव्ह’ सीआरपी नावाची वेगळी, बारीक मोजणारी तपासणी करतात. 2003 मध्ये अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने ढोबळ मोजमाप दिले. लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर धोका कमी, 1 ते 3 मध्यम, 3 च्या वर जास्त. 10 च्या वर आला तर आधी सर्दी-ताप, फोड, जंतुसंसर्ग काही आहे का ते बघायचे.

याहून स्वस्त धूर प्रत्येकाच्या घरात कागदावर पडलेला असतो. आमच्याकडे निकाहनामा, सातबारा आणि रक्ताचे रिपोर्ट एकाच पेटीत ठेवतात. त्यातला साधा सीबीसी काढा. पांढऱ्या पेशींच्या खाली न्यूट्रोफिल किती टक्के आणि लिम्फोसाइट किती टक्के, असे लिहिलेले असते. न्यूट्रोफिल म्हणजे लगेच धावून जाणारे शिपाई. लिम्फोसाइट म्हणजे ओळख ठेवून, विचार करून लढणारे. शरीरावर ताण आला, आग धुमसत असली की पहिले वाढतात, दुसरे घटतात. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. 60 आणि 30 असेल तर उत्तर 2. 78 आणि 15 असेल तर 5 च्या वर. एवढेच गणित.

या भागाकाराचा आणि बायपासचा संबंध स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनच्या डॉक्टरांनी 2007 मध्ये दाखवला. सुमारे 1900 बायपास रुग्णांचे ऑपरेशनपूर्वीचे साधे रक्त-रिपोर्ट काढून त्यांनी पुढची काही वर्षे कोण जगले, कोण गेले ते पाहिले. ज्यांचा भागाकार 3.36 च्या वर होता, त्यांच्यात पुढे मृत्यू जास्त दिसले. वय आणि इतर धोके हिशेबात धरूनही फरक उरलाच. सीआरपीबाबतही वेगवेगळ्या देशांतून असेच निष्कर्ष आले. ऑपरेशनआधीच ज्याच्या रक्तात आग जास्त, तो टेबलावरून सुखरूप उतरला तरी पुढच्या वर्षांत जास्त धोक्यात असतो.

आता माझ्यासारखा माणूस इथे लगेच घाई करणार. मग आगच विझवू या की! सर्जन आणि शास्त्रज्ञांनीही हेच म्हटले, आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे करून पाहिले. ते काय निघाले हे आपल्याकडे कुणी सांगत नाही म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बायपासमध्ये पूर्वापार हृदय थांबवतात आणि रक्त एका यंत्रातून फिरवतात. रक्त प्लास्टिकच्या नळ्यांना लागले की शरीर खवळते, दाह एकदम भडकतो. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सीआरपी आभाळाला भिडतो तो त्यामुळे आणि कापाकापीमुळे. मग विचार आला की ऑपरेशनच्या वेळी स्टिरॉइड देऊन हा भडका दाबावा. 18 देशांतल्या 7507 हृदय-ऑपरेशनच्या रुग्णांवर तसा प्रयोग झाला, त्यात भारतातली हॉस्पिटलेही होती. 2015 मध्ये निकाल आला. मृत्यू कमी झाले नाहीत. दुसरा विचार असा की यंत्रच नको, धडधडत्या हृदयावरच टाके घालावेत. भारतातले सर्जन यात फार तरबेज आहेत, आपल्याकडे अशी ऑपरेशने मोठ्या प्रमाणात होतात. 19 देशांतल्या 4752 रुग्णांना दोन गटांत वाटून पाच वर्षे पाहिले. 2016 मध्ये निकाल आला. दोन्ही पद्धतींत जगण्या-मरण्याचा म्हणावा असा फरक नाही.

मला या दोन निकालांतून एक गोष्ट दिसते. ऑपरेशन थिएटरमधल्या चार-पाच तासांचा भडका हा मुख्य शत्रू नव्हेच. मुख्य शत्रू त्याआधीची वीस वर्षे आणि त्यानंतरची दहा वर्षे धुमसणारी मंद आग. थिएटरमधले तास सर्जन सांभाळतो. ही वर्षे कोण सांभाळणार? ती वर्षे तर टेंभुर्णीत जातात.

आणखी एक गोष्ट. सीआरपी हा धूर आहे, आग नव्हे. ज्यांच्यात जन्मतःच सीआरपी थोडा जास्त बनवणारे जनुक असते, त्यांना त्या प्रमाणात हृदयविकार जास्त होतो का, हे मोठ्या अभ्यासांत तपासले गेले. नाही होत. म्हणजे सीआरपी स्वतः शीर जाळत नाही, कुठेतरी जळते आहे एवढे सांगतो. म्हणून तो आकडा खाली आणायचा म्हणून कुणी काढा, चूर्ण, कॅप्सूल विकत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. शहरातल्या लॅबवाल्यांची ‘फुल बॉडी पॅकेजेस’ आता आमच्या खेड्यापर्यंत आली आहेत. सत्तर-ऐंशी तपासण्या, वर रंगीत आलेख, वर लाल अक्षरात ‘हाय’. धडधाकट माणसाची झोप उडवायला ते पुरेसे असते. मी त्याच्या बाजूने बोलत नाही. सीआरपी सर्दीने वाढतो, दाढ दुखल्याने वाढतो, पोटावरच्या चरबीने वाढतो. एका आकड्यावरून आयुष्य ठरवणे हा अडाणीपणा आहे, मग तो कॉम्प्युटरवर छापून का आला असेना.

आग विझवण्याचा थेट प्रयोगही झाला आहे. 2017 मध्ये कॅन्टोस नावाच्या चाचणीत 10,061 रुग्णांना घेतले. सगळ्यांना आधी हार्ट अटॅक येऊन गेलेला आणि सीआरपी 2 किंवा जास्त. दाहाची साखळी तोडणारे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दिले. कोलेस्टेरॉलला हातही न लावता अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे 15 टक्क्यांनी कमी झाले. शिरेतली आग ही खरोखरच रोगाचा भाग आहे, याचा तो पहिला भक्कम पुरावा. पण त्याच गटात जंतुसंसर्गाने दगावणारे किंचित वाढले. आग पूर्ण विझवली तर चुलीवर भाकरीही होणार नाही, तसे ते झाले. इंजेक्शनही आपल्या कुवतीबाहेरचे.

त्यानंतर शास्त्रज्ञ वळले एका जुन्या, स्वस्त गोळीकडे. कोल्चिसिन. वातरक्ताची गोळी म्हणून आपल्याकडच्या डॉक्टरांना ती माहीत आहे. माझ्या वाचकांपैकी जुन्या लोकांना तिची आई माहीत असेल. हकीमसाहेब सांधेदुखीवर माजून सुरंजान देत, त्यातले सुरंजान म्हणजे या कोल्चिसिनच्याच झाडाचा कंद. अरब-इराणी हकिमांनी शेकडो वर्षे वापरलेली वनस्पती विसाव्या-एकविसाव्या शतकात हृदयाच्या दवाखान्यात येऊन बसली. 2019 मध्ये 4745 आणि 2020 मध्ये 5522 रुग्णांवरच्या चाचण्यांत रोज अर्धा मिलिग्रॅम गोळीने अटॅक वगैरे लक्षणीय कमी झाले. 2024 मध्ये अटॅक आलेल्या सुमारे 7000 रुग्णांवर आणखी मोठी चाचणी झाली, तिच्यात मात्र फायदा दिसला नाही. म्हणजे प्रश्न अजून उघडा आहे. सुरंजानच्या नावाने छाती फुगवणाऱ्या आणि लगेच व्हॉट्सअॅपवर फिरवणाऱ्या माझ्या भावांना हात जोडून सांगतो की, ही गोळी मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना आणि काही औषधांबरोबर विषासारखी ठरू शकते. हकीम असो की डॉक्टर, विचारल्याशिवाय हात लावू नका.

मग उरते काय? उरतात त्याच कंटाळवाण्या गोष्टी. अॅस्पिरिन, म्हणजे आमच्या भाषेत खून पतला करने की गोली. कोलेस्टेरॉलची गोळी, जी कोलेस्टेरॉलबरोबर सीआरपीही उतरवते. बीपीची, साखरेची. 2002 मध्ये पाच हजारांवर बायपास रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ऑपरेशननंतर 48 तासांत ज्यांना अॅस्पिरिन सुरू झाली त्यांच्यात हॉस्पिटलमधले मृत्यू 1.3 टक्के, इतरांत 4 टक्के. एवढीशी पांढरी गोळी, आणि ती किती दिवस चालू ठेवायची? डॉक्टर बहुधा ‘आयुष्यभर’ म्हणतात. आमच्याकडे त्याचा अर्थ ‘बरे वाटेपर्यंत’ असा घेतला जातो.

माझ्या मामूंचे बायपास होऊन आता काही वर्षे झाली. त्यांच्याकडे गोळ्यांची एक प्लास्टिकची पिशवी असते. सोयाबीन विकले की पिशवी भरते. खरिपाच्या पेरणीच्या तोंडावर ती चपटी होते. “मामू, गोळ्या?” असे विचारले की म्हणतात, “बेटा, खत घ्यायचं होतं. आणि आता तर कुठं दुखतंय?” यावर काय उत्तर द्यायचे? दुखत नाही, हे खरेच. धूर नाकाला लागत नाही.

हे फक्त मामूंचे नाही. केरळमध्ये जन्मलेले, कॅनडात काम करणारे डॉ. सलीम युसूफ यांनी जगभरच्या गावा-शहरांत एक प्रचंड पाहणी केली, तिचे आकडे 2011 मध्ये आले. ज्यांना आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झाला आहे, अशा लोकांपैकी गरीब देशांत 80 टक्के माणसे यातली एकही परिणामकारक गोळी घेत नव्हती. भारत त्या गरीब देशांत धरला होता. श्रीमंत देशांत असे फक्त 11 टक्के. कोलेस्टेरॉलची गोळी गरीब देशांत शंभरात तीन-चार जण घेत होते. या गोळ्या महाग असत्या तर गोष्ट वेगळी. जेनेरिक दुकानात त्या स्वस्त मिळतात. लाखोंचे ऑपरेशन आपण करू शकतो आणि त्याच्या रक्षणाची रोजची गोळी पोचवू शकत नाही, ही लाज कुठल्या एकाची नाही.

आणि गोळीच्या पलीकडचे इंधन? ते तर गावात चोहीकडे. 2012 पासून महाराष्ट्रात गुटखाबंदी आहे, पुडी कुठे मिळते हे मात्र दुसरीतल्या पोरालाही ठाऊक. आमच्यातले कित्येक जण एका खिशात मिस्वाक ठेवतात आणि दुसऱ्यात तंबाखू. बायका मिश्री लावतात, ती तंबाखूच, फक्त तव्यावर भाजलेली. शिवाय चुलीचा धूर. हिरड्यांतून रक्त येते, दात हलतात, पण दाताचा डॉक्टर हा आमच्याकडे दुखणे सहन होईनासे झाल्यावर गाठायचा माणूस. हिरड्यांचा जुना आजार सीआरपी वाढवतो, हिरड्या नीट केल्या की तो थोडा उतरतो, एवढे दिसले आहे. त्याने अटॅक टळतो का, हे अजून सिद्ध झालेले नाही. दात वाचले तरी फायदा झालाच, असे मी म्हणेन. बायकांचे तर वेगळेच. छातीत कळ आली तर खाला म्हणतात ‘गॅस झाला’, आणि घरातले सगळे ते मानायला तयार असतात, कारण ते मानणे स्वस्त पडते.

रमजानचा विषय काढला नाही तर लेख अपुरा राहील. बायपास झालेली बरीच माणसे रोजे ठेवतात आणि गोळ्या सोडतात. आजारी माणसाला कुरआननेच सवलत दिली आहे, नंतर रोजे पुरे करा किंवा फिदया द्या. तरी ज्यांना ठेवायचेच आहेत त्यांनी रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या सहरी आणि इफ्तारमध्ये बसवून घ्याव्यात. डॉक्टर हिंदू आहे, तो काय समजणार, असे मनात आणू नये. आमच्या भागातल्या डॉक्टरांना सहरीची वेळ आपल्याइतकीच पाठ असते.

आता रुमालाकडे येतो. माझा प्रस्ताव साधा आहे. ऑपरेशनसाठी चंदा जमवताना त्यातला एक वाटा गोळ्यांसाठी बाजूला काढावा. तो त्या माणसाच्या हातात रोख देऊ नये, मेडिकलवाल्याकडे खाते लावावे. महिन्याला पाचशे रुपये धरले तर वर्षाचे सहा हजार होतात. पाच वर्षांचे तीस हजार. एका ऑपरेशनच्या धावपळीत एवढे तर गाडीवाल्यांना जातात. जकातीतून गरजूला औषध देता येते की नाही, हे उलेमांना विचारावे. मला तर त्यात अडचण दिसत नाही. आणि वर्षातून दोनदा अशा माणसांचा बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि साधा सीबीसी करून घ्यावा. सीआरपी करायचा असेल तर ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांनी, सर्दी-ताप नसताना, आणि डॉक्टरांनी सांगितला तरच. आकडा चढता दिसला तर घाबरायचे नाही, शोधायचे. गोळी बंद आहे का, पुडी सुरू आहे का, साखर वाढली का, पायाची जखम चिघळली का.

मशीद कमिटीतल्या एका ज्येष्ठांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “ऑपरेशन म्हटलं की लोक देतात. गोळ्यांसाठी कोण देईल?” त्यांचे बरोबर आहे. मरणाच्या दारातल्या माणसासाठी हात खिशात जातो, चालत्या-फिरत्या माणसासाठी जात नाही. देवळाच्या वर्गणीतही हेच असते, फक्त मशिदीचे नव्हे.

सरकारचे दुखणे याहून वेगळे नाही. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, 2013 मध्ये ती आमच्याकडे आली, पुढे तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. दीड लाखाची मर्यादा आता पाच लाखांवर गेली. शेतकरी आत्महत्यांच्या 14 जिल्ह्यांत पांढऱ्या शिधापत्रिकेवरच्या शेतकऱ्यांनाही ती लागू झाली, त्यात जालना आहे. फार चांगले झाले. या योजनेच्या सुरुवातीच्या कागदांत 971 उपचार होते आणि त्यांच्यासोबत 121 फॉलोअप पॅकेजेस. म्हणजे फॉलोअप हा शब्द कागदावर पहिल्यापासून आहे. माझ्या ओळखीतल्या बायपास झालेल्या माणसांना तो शब्द डिस्चार्जच्या दिवशी एकदा ऐकवला गेला, तोही इंग्रजीत, आणि मग सगळ्यांचे येणे-जाणे थांबले. औरंगाबादला जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि दोघांचे तिकीट. तिथे गेल्यावर “ठीक आहे, याच गोळ्या चालू ठेवा” एवढे ऐकायला कोण जाईल?

हे ऐकायला टेंभुर्णीतच मिळायला हवे. ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत आहेत. बीपी-साखरेच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळण्याची सोय आहे. त्याच खिडकीवर बायपास आणि अँजिओप्लास्टी झालेल्यांची यादी असावी, आशाताईंकडे तिची एक प्रत असावी, महिन्याला गोळी घेऊन गेला नाही त्याच्या घरी जाऊन विचारावे. इराणच्या गुलिस्तान प्रांतात खेड्यापाड्यांतल्या 6838 लोकांवर झालेल्या प्रयोगात अॅस्पिरिन, कोलेस्टेरॉल आणि बीपीची औषधे एकाच गोळीत घालून निम्म्या गावांना दिली. पाच वर्षांत हृदयविकाराचे मोठे झटके सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, हे 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. इराणच्या खेड्यात जमते ते जाफराबाद तालुक्यात का जमू नये? यंत्रे लागत नाहीत, सर्जन लागत नाही. यादी लागते आणि ती वाचणारा माणूस लागतो.

9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यात आमचे जालना आहे आणि शेजारचे बुलढाणाही. लोक विचारतात, आता जालन्यातच बायपास होणार का? होईल तेव्हा होईल. तिथली पहिली तुकडी शिकून बाहेर पडायला 2030 उजाडेल. मला त्याआधी एवढेच हवे की, औरंगाबादहून टाके घेऊन आलेल्या माणसाची फाइल उघडून बघणारे कुणीतरी जाफराबादला बसावे. मामूंना मी तिथे नेईन. खताच्या हंगामातसुद्धा.